अर्धा आटा

ब्लाइथच्या धक्क्याजवळ, जुन्या गोदामात आमचा वर्ग.
पत्रा दिवसभर वाजतो,
हीटर एकच, तोही माझ्या टेबलापासून लांब.
पवनचक्कीचं काम शिकायला आलेले नऊ जण,
आठ तिशीच्या आतले.
नववा नेव्हिल चार्लटन, वय सत्तावन्न:
कोळशाच्या बॉयलरवर एकतीस वर्षं
आणि मग, त्याच्याच शब्दांत, 'चार वर्षं सोफ्यावर'.

पहिल्या दिवशी विचारलं, भीती कोणाकोणाला वाटते?
एकच हात वर आला, त्याचा.
उंचीची नाही, म्हणाला,
त्या पडद्याची.

पडदा म्हणजे परीक्षा. चाळीस प्रश्न, चार-चार पर्याय,
आणि त्याच्या तळव्याखालून साबणाच्या वडीसारखा
निसटणारा माऊस.
दोनदा नापास.
दोन्ही वेळा त्याने जाकीट चढवलं, खुर्ची आत सरकवली
आणि मला म्हणाला, 'थँक्यू, पेट.'

पेट ही इथली लाडाची हाक.
कळायला मला वर्ष लागलं,
कारण माझ्या भाषेत तो हुकूम आहे,
ओल्या लाकडाला, विझत्या चुलीला देतात तसा.
बॉयलरवाल्याच्या तोंडी तो मला अजूनही
दोन्ही अर्थांनी ऐकू येतो.

गोदामाच्या मधोमध एक गिअरबॉक्स आहे,
कुठल्याशा टर्बाइनमधून उतरवलेला, सरावापुरता.
तो मीच जुळवते, बोल्टही मीच आवळते,
औरंगाबादच्या पॉलिटेक्निकात शिकवले तसे
समोरासमोर, आधी निम्मे, मग पुरते.

बुधवारी चालू केला. सेन्सरचा दिवा हिरवा.
पोरांनी वहीत लिहिलं: कंपन मर्यादेत.
नेव्हिलने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
चालत्या यंत्राला हात? मी ओरडले.
ओरडायलाच हवं होतं.
'काहीतरी बोलतोय हा,' तो म्हणाला, डोळे न उघडता.

यंत्र बंद केलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.
झाकण काढलं.
बेअरिंग ठणठणीत.
कीली फिसकन हसली. तोही हसला, कान चोळत,
पण त्याचं बोट फिरतच राहिलं,
मागच्या फ्लँजवरून, एकेका बोल्टावरून,
आणि सातव्यावर थांबलं.
अर्धा आटा ढिला.
त्यावर पिवळी रेघ, माझ्या हातची:
आवळला, तपासला.

एखादा बहकल्यासारखा वागला की आमच्याकडे म्हणतात,
याचा एक आटा ढिला आहे.
माझा होता. नऊ जणांसमोर होता.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसले.
हार्नेस, प्रथमोपचार, दोर, समुद्रात उडी,
सगळ्याला रकाने. कानाला नाही.
'इतर शेरे'मध्ये लिहिलं:
प्रशिक्षिकेची चूक दाखवून दिली.
दुसऱ्या दिवशी वरून फोन: तेवढं वाक्य काढता येईल का?
नाही म्हटलं.
पगारवाढीचं पुढे काय झालं, तो वेगळा विषय.

कीली, आधी कॉल सेंटरात होती,
दुपारच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन त्याच्याशेजारी बसू लागली.
'दाबून धरू नकोस, नुसतं टेकव.'
तो तिला काय शिकवत होता मला माहीत नाही,
पण परवा पार्किंगमध्ये ती
स्वतःच्या गाडीच्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून
डोळे मिटून उभी होती.

तिसऱ्या खेपेला बत्तीस.
पास व्हायला बत्तीसच लागतात.

शेवटच्या दिवशी सरावाचा मनोरा चढलो.
वर पोचेपर्यंत त्याला दम लागला, तसा मलाही.
दक्षिणेकडे बघत उभा राहिला.
तुझं धुराडं कुठे होतं? मी विचारलं.
त्याने बोट उचललं,
जरा डावीकडे नेलं, परत उजवीकडे,
मग हात खाली घेतला.
समुद्रात पाती फिरत होती, काही थांबलेलीही होती.
वारा कानात शिरत होता, धड ऐकू येत नव्हतं.

'तुझा हुक बघ, पेट.'

बघितला. लागलेला होता.
तरी एकदा ओढून पाहिला.